पोलीस भरतीचा फॉर्म भरायच्या आधी, एका पोरीला पत्र

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. "काका, फॉर्म पुण्याला भरू का मुंबईला, आणि ८०० मीटर कितीत मारायला पाहिजे" एवढंच विचारलंयस. दोन ओळीत उत्तर देता आलं असतं, पण त्यानं तुझं भागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. शहर पोलिसात इतकी वर्षं झाली, भरतीच्या वेळी ग्राउंडवर ड्युटी केली, आणि ग्राउंड चांगलं असलेल्या पोरीसुद्धा शेवटच्या यादीत का दिसत नाहीत हे जवळून बघितलंय. बहुतेक वेळा कारण एकच असतं, सगळा जीव धावण्यात घातलेला असतो आणि पेपरला उरलेला वेळ दिलेला असतो.

मार्कांचं गणित आधी डोक्यात बसव. ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० मार्कांचं, लेखी पेपर १०० चा. मुलींना ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदात मारलं तर पूर्ण २०, १०० मीटर १४ सेकंदात मारलं तर पूर्ण १५, चार किलोचा गोळा ६ मीटरच्या पुढं गेला की तिथले १५. ग्राउंडला निम्मे म्हणजे २५ मार्क लागतातच, पण २५ वर समाधान मानू नकोस, कारण पेपरला प्रत्येक प्रवर्गात जागांच्या दहापट उमेदवार बोलावतात आणि ते ग्राउंडच्या मार्कांवरूनच ठरतं. म्हणजे ग्राउंडनं तुला पेपरपर्यंत न्यायचंय. पुढं दोन्हीची बेरीज होऊन मेरिट लागतं. आता बघ, एकीला ग्राउंडला ४८ आणि पेपरला ६२, बेरीज ११०. दुसरीला ग्राउंडला ४२ आणि पेपरला ७१, बेरीज ११३. ग्राउंडवर टाळ्या पहिलीला पडतात आणि ऑर्डर दुसरीच्या हातात येते. ४२ वरून ४८ वर जायला कधीकधी वर्ष जातं, तेवढ्याच मेहनतीत पेपरचे १५-२० मार्क वाढवता येतात, हे मी उगाच धीर द्यायला सांगत नाहीये.

आता पुणे का मुंबई. पहिली गोष्ट, एका पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच शहराच्या किंवा जिल्ह्याच्या पोलीस दलात, अर्ज करायचा असतो. शिपाई पदाला दोन ठिकाणी फॉर्म टाकलास तर उमेदवारीच धोक्यात येते, म्हणून "सगळीकडं भरून ठेव, बघू नंतर" म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. चालक, कारागृह शिपाई ही वेगळी पदं आहेत, त्यांना वेगळा अर्ज चालतो, पण पेपर एकाच दिवशी आले तर एकावर पाणी सोडावं लागतं. दुसरी गोष्ट, मागच्या वर्षीचा कटऑफ, म्हणजे निवड झालेल्या शेवटच्या उमेदवाराचे मार्क, बघून घटक निवडायची सगळ्यांना सवय आहे आणि त्यातच घोळ होतो. मुंबईला २०२१ च्या भरतीत शिपायाच्या ७०७६ जागा होत्या, त्याच्या पुढच्या भरतीत २५७२. जागा एवढ्या हलल्यावर जुना कटऑफ काय सांगणार? कटऑफ बघायचाच असेल तर घटकाच्या वेबसाईटवर निवड यादीची पीडीएफ असते ती उघड, तुझ्या प्रवर्गातल्या महिलांचा शेवटचा आकडा बघ, शेजारी त्या वर्षीच्या जागा लिही, आणि या वर्षीच्या जाहिरातीत त्याच रकान्यात किती जागा आहेत ते बघ. व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या "यंदा अमुक शहर सोपं जाणार" वर आयुष्याचा निर्णय घेऊ नकोस, ते वाचून हजारो जण तिकडंच फॉर्म टाकतात.

आणि हे बघ, जिथं भरती होशील तिथंच नोकरीचा मोठा काळ जाणारे. आंतरजिल्हा बदली मिळते पण सेवाज्येष्ठता जाते, नव्या ठिकाणी यादीच्या खाली बसावं लागतं, प्रमोशन लांबतं. २०२२ ला सरकारनं पोलीस नाईक हे पद काढलं, त्यामुळं शिपायाची पुढची पायरी थेट हवालदार, म्हणजे ज्येष्ठतेचं महत्त्व अजून वाढलंय. म्हणून तुला खरंच कुठं राहायचंय याचा विचार आत्ताच कर. शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, वर भत्ते, पण मुंबईत खोलीचं भाडं आणि लोकलचा प्रवास त्यातूनच जातो आणि क्वार्टर सगळ्यांना लगेच मिळत नाही. शहरात मोर्चा आहे, गणपती आहे, निवडणूक आहे, मॅच आहे, व्हीआयपी आहे, आणि प्रत्येकाला बंदोबस्त लागतो, सणाच्या दिवशी घरचे फोटो पाठवतात आणि तू नाक्यावर उभी असतेस. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग मुंबईत २०१६ ला देवनार पोलीस ठाण्यातून सुरू झाला, चांगली गोष्ट आहे, पण बंदोबस्त लागला की घड्याळ बाजूला राहतं. हे घाबरवायला नाही लिहीत. मला ही नोकरी आवडते, रात्री अकराला एखादी बाई लेकराला घेऊन ठाण्यात येते आणि समोर महिला पोलीस दिसल्यावर तिचा आवाज सुटतो, तेव्हा आपण कशासाठी आहोत ते कळतं. तुझ्यासारख्या पोरी ठाण्यात पाहिजेत म्हणूनच एवढं लिहितोय.

पेपरचं सांगतो. १०० प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. पास व्हायला ४० टक्के लागतात, पण मेरिटचा तो आकडा नव्हे. मराठी आपलीच भाषा म्हणून पोरं व्याकरण शेवटी ठेवतात, आणि प्रयोग, समास, विभक्ती, वाक्प्रचार यात हक्काचे मार्क सोडतात. तू रोज अर्धा तास व्याकरणाला दे, ते एकदा पक्कं झालं की विसरत नाही. गणितात शेकडेवारी, सरासरी, काळ-काम-वेग, नफा-तोटा एवढं हाताखालून गेलं पाहिजे, सूत्र पाठ करून नाही तर रोज वीस गणितं वहीत सोडवून. जीकेला सगळं जग वाचत बसू नकोस, महाराष्ट्राच्या नद्या, धरणं, घाट, समाजसुधारक, पंचायत राज, आणि मागच्या वर्षभरातल्या बातम्या. सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे जुने पेपर. वेगवेगळ्या जिल्ह्यांचे, शहरांचे पेपर मिळतात, ते घड्याळ लावून सोडव, ओएमआर उत्तरपत्रिकेवर करतात तसे गोल काळे करायची सवयसुद्धा आत्ताच लाव, आणि चुकलेला प्रश्न वहीत लिहून आठवड्यानं परत सोडव. नुसतं वाचून झालं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, पण मार्क वाढत नाहीत.

ग्राउंडला आठवड्यातून एक दिवस विश्रांती घेच. डांबरी रस्त्यावर रोज पळून नडगी दुखवून घेतलेल्या पोरी दर भरतीत भेटतात, मातीवर पळ. गोळ्याचे मार्क मुली वाया घालवतात, खरं तर टेक्निक कळलं की सगळ्यात लवकर वाढणारे मार्क तिथलेच, फक्त वर्तुळाच्या बाहेर पाय पडू देऊ नकोस. हिमोग्लोबिन एकदा तपासून घे. पाळीच्या दिवसात हलका का होईना सराव चालू ठेव, ग्राउंडची तारीख नेमकी तेव्हाच आली तर आपलं शरीर कसं वागतं ते माहीत पाहिजे. २०२३ ला ग्राउंड जानेवारीच्या थंडीत सुरू झालं होतं, २०२४ ला जूनच्या पावसात, त्यामुळं हवामान कसं असेल ते धरून चालू नकोस. बाहेरगावचं ग्राउंड असेल तर आदल्या दिवशी झोपायची सोय आधी कर, नातेवाईक, वसतिगृह, काहीही. फुटपाथवर रात्र काढून सकाळी पळणारी पोरं बघवत नाहीत. आणि छातीत दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली तर थांब. भरतीत धावताना जीव गेलेत, भरती परत येते. इंजेक्शन, पावडर, "एक गोळी घे, दम लागत नाही" असलं काही कुणी दिलं तर त्या माणसापासून लांब राहा.

एजंट भेटेलच. "वर ओळख आहे, इतके लाख दे, यादीत नाव येतं." आता धावण्याला चिप असते, कॅमेरे असतात, मार्क जाहीर होतात, ओळख असलेला माणूस करणार काय? तू स्वतःच्या मेहनतीनं लागलीस तर म्हणतो माझ्यामुळं लागली, नाही लागलीस तर फोन बंद. मुंबईच्या २०२३ च्या लेखी परीक्षेत कानात ब्लूटूथ लपवून बसलेल्यांवर गुन्हे दाखल झाले. वर्दी घालायला आलेली पोरं आरोपी होऊन बाहेर पडली.

कागदपत्रांचं थोडक्यात. दहावीच्या मार्कलिस्टवरचं नाव, आधारवरचं नाव, जातीच्या दाखल्यावरचं नाव, एक अक्षर इकडंतिकडं असलं तरी आत्ताच दुरुस्त करून घे. डोमिसाईल, नॉन क्रिमीलेअर यांच्या तारखा जाहिरातीत दिलेल्या मुदतीत बसतात का ते बघ, तहसीलला भरतीच्या हंगामात गर्दी असते. जे समांतर आरक्षण, म्हणजे खेळाडू, प्रकल्पग्रस्त वगैरे, कागदांनी टिकवता येणार नाही ते फॉर्ममध्ये टिक करू नकोस. आणि निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीचा फॉर्म येतो, त्यात एखादी केस असेल, भावकीच्या भांडणात नाव गोवलेलं असेल, निर्दोष सुटलेली असशील, तरी लिही. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की माहिती खरी द्यायलाच पाहिजे. किरकोळ केसचा विचार होऊ शकतो, लपवलेल्या केसनं हातातली नोकरी जाऊ शकते.

घरी लग्नाचं बोलणं चाललंय लिहिलंयस. खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागासवर्गाला ३३ ही वयाची मर्यादा आईवडिलांना दाखव, आणि "दोन भरत्या देते, सोबत डिग्री पूर्ण करते" असं ठरवून सांग. मुदत सांगितली की घरचे ऐकतात, असं मी बऱ्याच घरांत बघितलंय. डिग्री मात्र सोडू नकोस, पुढं पीएसआयची, म्हणजे पोलीस उपनिरीक्षकाची, परीक्षा द्यायची झाली तर तीच लागते.

या रविवारी ८०० मीटरचा टाइम घे, मातीवर, दुसऱ्या कुणाला तरी घड्याळ धरायला लावून. कुठल्याही एका शहराचा जुना पेपर ९० मिनिटांत सोडव. दोन्ही आकडे मला पाठव, मग घटक कुठला ते आपण फोनवर बोलू. तोपर्यंत फॉर्मचं सबमिट बटण दाबू नकोस.

तुझा,
काका