ट्रोम्सोत कुत्र्याला घेऊन स्नोशूवर निघताना

स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी, घालून पहिल्याच खेपेला डोंगर नको, अर्ध्या तासाची सपाट वाट पुरे. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ट्रोम्सोत साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य उगवतच नाही. दुपारी नुसता निळसर संधिप्रकाश. हेडलॅम्प तुला आणि गळ्यात दिवा कुत्र्याला, दोन्ही हवेतच.

खरी काळजी पंजांची घे. बोटांमधल्या केसांत बर्फाच्या गोळ्या धरतात, वाटाण्याएवढ्या, कडक. माझी कुत्री मध्येच थांबून पंजा चावायला लागली की मी हातमोजा काढून तो पंजा उघड्या तळव्यात धरते. गोळी ओढायची नाही. ऊब लागली की सुटते. निघण्यापूर्वी ते केस कातर, पंजांना मेण लाव.

आणि हो, कुत्रा तुझ्याच मागोमाग चालेल, स्नोशूच्या मागच्या टोकावर पाय देईल. तोंडघशी पडशील, म्हणून हातात काठ्या ठेव. तो थरथरायला लागला तर तिथूनच मागे फिर.