केल्पीला ‘पाणघोडा’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: स्कॉटिश लोककथा मराठीत आणताना ‘केल्पी’ला, म्हणजे घोड्याच्या रूपात येऊन माणसांना पाण्यात ओढणाऱ्या भुताला, पाणघोडा म्हणावे का? आणि ‘एख-उश्क्य’ हे त्याचेच दुसरे नाव आहे का?

पाणघोडा नको. मराठीत तो शब्द हिप्पोपोटॅमससाठी रुळला आहे. वाचकासमोर आफ्रिकेतला गलेलठ्ठ प्राणी उभा राहील आणि गोष्टीतली भीतीच जाईल. कोकणातला ‘गिऱ्हा’ जवळचा वाटतो, पण तो बुडून मेलेल्या माणसाचे भूत. केल्पी कधीच माणूस नव्हता. माणसाचे रूप तो फक्त घेतो. म्हणून ‘केल्पी’च ठेवावे. हत्ती, पक्षी यांच्यासारखे पुल्लिंगी चालवावे: तो केल्पी, दोन केल्पी, केल्पीचा लगाम. हा लगाम गोष्टींत महत्त्वाचा असतो. तो ज्याच्या हाती, त्याच्यासाठी केल्पी राबतो. मॉर्फीच्या जमीनदाराने त्याच्याकडून वाड्याचे दगड वाहून घेतले आणि त्याचा शाप ओढवून घेतला, अशी कथा आहे.

एख-उश्क्य हा वेगळा. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘एख’ म्हणजे घोडा, ‘उश्क्य’ म्हणजे पाणी. (व्हिस्की हा शब्दही याच ‘उश्क्य’वरून आला.) रोमन अक्षरे इंग्रजीसारखी वाचून अनेक जण ‘ईच’ लिहितात, ते चूक. इथला ख घशातून घासत येतो, उर्दूतल्या ‘ख़ुदा’सारखा.

दोघांत फरक पाण्याचा. केल्पी वाहत्या पाण्याचा, नदी-ओढ्याचा. एख-उश्क्य सरोवराचा आणि समुद्राच्या खाडीचा, आणि जास्त क्रूर. देखणे घोडे म्हणून मुले पाठीवर बसतात, हात कातडीला चिकटतात, घोडा पाण्यात शिरतो. एख-उश्क्य सगळे खाऊन टाकतो, फक्त यकृत तरंगत वर येते. इथे ‘काळीज’ लिहू नये, आजचा वाचक हृदय समजेल. तरुणाच्या रूपात आला तर केसांतली वाळू आणि पाणवनस्पती त्याला उघडे पाडतात.

बोलींत हा भेद सगळे पाळतातच असे नाही. पण अनुवादकाने पाळावा, कारण सुटकेचा मार्गही पाण्यावर ठरतो. ऑर्कनी बेटांवरचा नकलावी हा बिनकातडीचा, घोडा आणि स्वार एकाच देहात जुळलेला. तो समुद्रातून येतो आणि गोड्या पाण्याला घाबरतो. ओढा ओलांडला की माणूस वाचतो. केल्पीच्या गोष्टीत तोच ओढा घात करतो. सगळ्यांना एकच मराठी नाव दिले तर वाचकाला हे कळणारच नाही.

‘केल्पी’चे मूळ नक्की नाही. कालवड किंवा शिंगरू या अर्थाच्या गेलिक शब्दाकडे अभ्यासक बोट दाखवतात. रॉबर्ट बर्न्सच्या 1786 मध्ये छापलेल्या कवितेत ‘वॉटर-केल्पी’ आहेत. स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्क गावाजवळच्या 30 मीटर उंच पोलादी अश्वमुख-शिल्पांचे नाव मात्र विशेषनाम आहे, ते ‘द केल्पीज’ असेच लिहावे.