कंचेभागुबेव पाठ झालं, आता पुढचं बघ

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा उदाहरणातल्या क्रिया करायचा क्रम पाठ केलास ते बरं झालं, पण त्यातला 'बेव' नीट समजून घे, कारण बहुतेक मुलांचे मार्क तिथेच जातात. २० − ८ + ५ दिसलं की बेरीज आधी म्हणून ८ + ५ = १३ करायचं आणि ७ लिहून मोकळं व्हायचं, असं होतं. उत्तर १७ आहे. बेरीज-वजाबाकीचा मान सारखाच, डावीकडून जे आधी येईल ते आधी. भागाकार-गुणाकाराचंही तेच, ३ × ८ ÷ ४ × २ मध्ये डावीकडून सरळ चालत गेलास की १२ येतं, भलती उडी मारायची नाही.

'चे' मात्र खरंच वेगळं आहे हां. ६० ÷ २० चे १/२ यात आधी २० चे १/२ म्हणजे १० काढायचे, मग ६० ÷ १० = ६. 'चे' म्हणजे नुसता गुणाकार धरून डावीकडून गेलास तर दीड येईल.

आणि उत्तर चेक करायला दुकानातला साधा कॅल्क्युलेटर घेऊ नकोस, त्यात २ + ३ × ४ दाबलं की तो जसं दाबशील तसं करत जातो आणि २० दाखवतो, सायंटिफिकवर बरोबर १४ येतं. सुरुवातीला एका ओळीत एकच क्रिया कर, बाकीचं जसंच्या तसं खाली उतरव, वही भरली तर भरू दे.