राष्ट्राध्यक्षांच्या सहीचा कागद आणि त्यामागची फाइल

प्रश्न : आमच्या सूनबाई अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या. त्यांच्या खापरपणजोबांना 160 एकर जमीन मिळाल्याचा, राष्ट्राध्यक्ष हेझ यांच्या सहीचा 1879 सालचा कागद त्यांच्या माहेरी आहे. ते स्वीडनहून आले, याखेरीज काहीच ठाऊक नाही. मूळ गाव कसे शोधावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ती सही बहुधा हेझ यांच्या हातची नाही. 1833 पासून अशा जमीनपत्रांवर राष्ट्राध्यक्षांच्या नावाने नेमलेला चिटणीस सही करीत असे. माहेरच्यांचा थोडा हिरमोड होईल. पण कागदाचे खरे मोल त्यावरील जमीन कचेरीचे नाव, दाखल्याचा क्रमांक आणि सेक्शन, टाउनशिप, रेंज (मोजणीच्या चौकोनांत जमीन नेमकी कुठे आहे ते सांगणारे क्रमांक) या तपशिलात आहे. आपल्याकडे गट क्रमांकावरून सातबारा निघतो, तशी त्यावरून मूळ फाइल निघते.

जमीन 1862 च्या होमस्टेड कायद्याखाली, म्हणजे वस्ती करून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या कायद्याखाली, मिळालेली असल्यास अर्जदाराला पाच वर्षे तिथे राहून ती कसल्याचे दोन साक्षीदारांनिशी सिद्ध करावे लागे. ते जबाब वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवता येतात. घर किती फुटी होते, गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांचे की लाकडाचे, किती एकर नांगरले, मुले किती, हे त्यांत सापडते. साक्षीदारांची नावे अवश्य टिपावीत. शेजारी पुष्कळदा नातलग किंवा गाववालेच असत.

परदेशी अर्जदाराच्या नागरिकत्वाचा दाखलाही फाइलमध्ये असतो, परंतु 1906 पूर्वीच्या अशा दाखल्यांत बहुधा देशाचेच नाव मिळते, गावाचे नाही. 1880 च्या जनगणनेत आईवडिलांचे जन्मस्थान आहे, तेही देशापुरतेच. 1890 ची जनगणना तर 1921 च्या आगीनंतर जवळजवळ सगळीच नष्ट झाली.

म्हणून गावासाठी त्या परिसरातील स्वीडिश लुथरन चर्चची सभासदवही पाहावी, कारण नवा सभासद स्वीडनमधील कोणत्या पॅरिशमधून (एका चर्चच्या हद्दीतल्या गावांमधून) आला, याची नोंद तिच्यात पुष्कळदा असते. पॅरिश कळले की तेथील चर्चच्या कुटुंबवार वह्या उघडाव्यात. मात्र आडनावावर विसंबू नये. त्या काळी खेड्यांत अँडर्सचा मुलगा अँडरसन आणि त्याची बहीण अँडर्सडॉटर अशी नावे चालत, त्यामुळे आजोबा, वडील आणि नातू यांची आडनावे वेगवेगळी असू शकतात. जन्मतारीख आणि घरातील इतर माणसे जुळली, तरच तो माणूस आपला समजावा.