"आपल्यात नसतं हे!"

प्रश्न – ताई, लेकीचं लग्न डिसेंबरात आहे. तिला मेहंदी, संगीत, हळदीला सगळ्यांना पिवळे कपडे, नवरदेवाचे बूट पळवणं असं सगळं हवंय. सासूबाई म्हणतात, "हे सिनेमातलं, आपल्यात नसतं हे". दोघीही हट्टी. मी काय करू? – एक वधूमाय, सोलापूर

उत्तर – अहो, सासूबाईंचं खोटं नाहीये. बूट पळवायची पद्धत उत्तरेकडची, ती आपल्याकडे पसरली ती मुख्यतः सिनेमामुळे, १९९४ च्या 'हम आपके है कौन'चा त्यात मोठा हात, आणि गंमत बघा, त्यात जिजाजींचे बूट पळवणारी मेव्हणी झालेली आपलीच माधुरी, मग मराठी पोरी कशाला मागे राहतायत! पण नवरदेवाला पिळायची सोय आपल्याकडे आधीपासून आहेच की, कानपिळी. लेकीला सांगा, बूट हवे तर पळवा पण भावाची कानपिळी कापायची नाही.

आणि सिनेमाचं वारं फक्त पोरींनाच लागतं असं थोडीच आहे. 'होणार सून मी ह्या घरची' चालू होती तेव्हा सराफाच्या दुकानात बायका "जान्हवीचं मंगळसूत्र दाखवा" म्हणायच्या, त्यात सासूबाईंच्या वयाच्याही होत्या बरं का. २०१६ नंतर झिंगाटशिवाय वरात हलली नाही, तेव्हा कोण म्हणालं आपल्यात नसतं?

मला खटकतं ते हळदीचं. गेल्या वर्षी भाचीच्या हळदीला आत्याबाई आंब्याच्या पानाने हळद लावायला वाकल्या आणि फोटोवाला म्हणाला, "आत्या, परत एकदा, हळूहळू, इकडे बघून". चारदा लावली बिचारीने, चौथ्यांदा हसू पण येईना तिला. वर दोन्हीकडच्या हळदी वेगळ्या दिवशी, वेगळ्या हॉलवर, म्हणजे मुलाची उष्टी हळद मुलीकडे यायची ती आलीच नाही, कोणाच्या लक्षात पण नाही आलं. पिवळा ड्रेसकोड मात्र शंभर टक्के पाळला.

तर संगीत करू द्या. आमच्या लहानपणी घरात हळद दळताना बायका जात्यावर ओव्या म्हणायच्या, ते संगीत नव्हतं तर काय होतं? सासूबाईंना दोन तरी येत असतील, डीजे सुरू व्हायच्या आधी माईक त्यांच्या हातात द्या, नंतर नाही, नंतर कोणी ऐकत नाही. दहावेळा नाही म्हणतील, तरी द्या. फोटोवाल्याला आधीच बजावून ठेवा की हळदीत रीटेक नाही. उष्टी हळद डब्यात भरून आणायचं काम मुलाच्या काकूवर सोपवा, आठवण करायला आदल्या रात्री फोन करा. आणि खर्च आधी कागदावर मांडा बाई, डान्स शिकवणाऱ्याचे पैसे कोण देणार यावरून आमच्याकडे दोन जावा अजून बोलत नाहीयेत.