कर्जाचा आकडा तिच्या ताटाशी काढू नका

नमस्कार भाऊ,

रावेरहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेकीची डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा दोनदा देऊन झाली, तुम्हाला तिसऱ्यांदा बसवायची आहे. तिला मात्र भौतिकशास्त्र शिकून अणुकेंद्रकातून निघणाऱ्या गॅमा किरणांचा माग काढणारे डिटेक्टर बनवायचेत. तिच्या गुणांपेक्षा मला तुमची एक ओळ खटकली: 'क्लासच्या फीपायी सोसायटीचं कर्ज झालंय, हे तिला रोज जेवताना सांगतो.' भाऊ, हे आजपासून बंद करा. कर्ज तुम्ही काढलंत, तिने मागितलं नव्हतं. पोरीच्या घशाखाली घास उतरेनासा करून गुण वाढत नाहीत. शिवाय एवढ्या लांब पत्रात तिच्या हातची एक ओळ नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या.

'किरणोत्सर्गात राहिली तर लग्नाचं, मूलबाळाचं काय?' असं विचारलंत. डिटेक्टर किरण सोडत नाही, टिपतो. आत अतिशुद्ध जर्मेनियमचा स्फटिक असतो, द्रवरूप नायट्रोजनने उणे 180 अंशांच्या आसपास थंड ठेवलेला. गॅमा किरण त्यात शिरला की एका जागी थोडी ऊर्जा टाकतो, वळतो, पुढे आणखी टाकतो. युरोपातल्या 'अगाटा' या डिटेक्टरांच्या मांडणीत एकेका स्फटिकाचे 36 विद्युत भाग केलेत. त्यांतून येणाऱ्या सिग्नलच्या आकारावरून किरण कुठेकुठे थडकला ते काही मिलिमीटरपर्यंत कळतं, मग त्याची वाट जुळवता येते. म्हणजे बराचसा दिवस इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रॅमिंगमध्ये जातो. डिटेक्टरच्या तपासणीला कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी पदार्थाचा लहानसा क्षीण स्रोत वापरतात. किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला अंगावर असतो, आणि त्वरक या यंत्रातून वेगवान कणांचा झोत, म्हणजे बीम, चालू असताना त्या दालनात कुणाला जाऊ देत नाहीत. एवढ्यासाठी तिला अडवू नका.

परदेशच गाठावा लागेल असंही नाही. 'इंगा' ही आपली जर्मेनियम डिटेक्टरांची मांडणी मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या त्वरकांवर आलटून-पालटून लागत आली आहे. ती किरणाची वाट जुळवणारी नाही, पण या कामात हात तिथे तयार होतो.

बारावीला गणित होतं, हे बरं झालं. विज्ञान संशोधन संस्थांत प्रवेशासाठी नेस्ट आणि आयसरची परीक्षा आहे. नाहीतर जळगावात बीएस्सी, मग एमएस्सीच्या प्रवेशाची 'जॅम' परीक्षा. मात्र पीएचडीपर्यंत नऊ-दहा वर्षं जातात आणि कायम नोकऱ्या मोजक्या आहेत. 'नेट' परीक्षेतून पीएचडीसाठी फेलोशिप मिळाली तर महिना 37,000 रुपये आणि घरभाडं. तिच्या कमाईवर तुमचं कर्ज लवकर फिटणार नाही, हे धरून चाला.

नीटचा फॉर्म भरायचा की नाही, ते तिला ठरवू द्या. तुम्ही सोसायटीच्या सचिवाला भेटून हप्ते लांबवता येतात का, ते या आठवड्यातच विचारा.