वाचनालयाची फाइल आधी माग

चि. नगरसेविकाबाईंस,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप आणि वॉर्डातलं पालिकेचं वाचनालय बंद करू नये म्हणून आयुक्तांना दिलेल्या निवेदनाची प्रत, दोन्ही मिळालं. सभागृहात असतो तर ‘माननीय सदस्या’ म्हटलं असतं. आता निवृत्त आहे, शिवाय तू डोळ्यांदेखत वाढलेली, तेव्हा ‘तू’च.

निवेदनाची भाषा तडफदार आहे. ‘वाचनसंस्कृतीवर घाला’, ‘ज्ञानमंदिराला टाळं’, ‘तीव्र आंदोलन छेडू’. स्थानिक पेपरवाले खूश होतील. पण माझी सगळी नोकरी नगरसचिव कार्यालयात गेली, आणि अशी निवेदनं पुढे कुठे जातात ते मला ठाऊक आहे. आवक क्रमांक पडतो, कोपऱ्यात ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा येतो आणि ज्याच्या टिपणीवर वाचनालय बंद व्हायचं आहे त्याच्याच टेबलावर कागद जाऊन बसतो. तो तुला चार ओळींचं उत्तर पाठवतो: वाचकांचा प्रतिसाद अल्प, इमारत जुनी, खर्च परवडत नाही. त्या चार ओळी खोडायला तुझ्या निवेदनात एकही आकडा नाही.

म्हणून आधी फाइल माग.

एक गोष्ट पक्की समज. बंद करण्याचा आदेश हा त्या फाइलमधला अगदी शेवटचा कागद असतो. वाचनालय त्याच्या कितीतरी आधीपासून बंद होत आलेलं असतं आणि तेव्हा कोणी निवेदन देत नाही. क्रम बहुधा ठरलेला. ग्रंथपाल निवृत्त होतो, पद भरलं जात नाही. पुढे आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, सुधारताना तो संवर्ग ‘मृत’ ठरतो, म्हणजे आता ते पद भरायचं नाही यावर शिक्का. किल्ली शिपायाकडे जाते. शिपायाला मतदार याद्यांच्या, निवडणुकीच्या, वसुलीच्या कामाला जुंपतात, त्या दिवशी दार उघडतच नाही. मग सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरापर्यंत असलेली वेळ ‘कार्यालयीन’ होते. नोकरदार माणसाला जी वेळ मोकळी असते नेमकी तीच गेली. पेपरवाल्याचं बिल थकतं, तो अंक टाकणं थांबवतो. पुस्तकखरेदीची तरतूद वर्षअखेरीला दुसरीकडे वळवली जाते. हे सगळं झाल्यावर कुणीतरी सभासदांचं रजिस्टर उघडतं आणि लिहितं: प्रतिसाद अल्प.

टिपणीतला आकडा खोटा नसतो, हे लक्षात ठेव. तू सभागृहात उठून ‘आकडेवारी खोटी आहे’ म्हणालीस तर अधिकारी रजिस्टर समोर ठेवील आणि तू तोंडघशी पडशील. आकडा खरा असतो, तो कसा घडला हे टिपणीत नसतं. ते तू दाखवायचं. त्यासाठी चार खात्यांकडून चार साध्या गोष्टी घे. आस्थापनेकडून, म्हणजे नोकरभरती बघणाऱ्या विभागाकडून, पद कधीपासून रिक्त आहे ते. लेखा विभागाकडून गेल्या काही वर्षांत पुस्तकं, नियतकालिकं, वीजबिल यांवर तरतूद किती आणि प्रत्यक्ष खर्च किती ते. शहर अभियंत्याकडून शेवटची दुरुस्ती कधी झाली ते. आणि वाचनालयाकडून दर महिन्याची सभासदसंख्या. या तारखा एकाच कागदावर शेजारी शेजारी मांड. सभासद कमी झाल्यावर पद गेलं, की पद गेल्यावर सभासद कमी झाले, हे कागदच बोलेल. तुला आवाज चढवावा लागणार नाही.

सदस्य म्हणून ही माहिती मागण्याचा तुझा हक्क आहेच. टाळाटाळ झाली तर सरळ माहिती अधिकारात अर्ज कर, 30 दिवसांची मुदत आहे. तिथे नगरसेविका म्हणून मिरवायचं नाही, नागरिक म्हणून सही करायची. 2005 च्या त्या कायद्याचं चौथं कलम आणखी एक गोष्ट सांगतं, जी फार कमी लोक वापरतात: प्रशासकीय निर्णयाची झळ ज्यांना बसते त्यांना त्या निर्णयाची कारणं प्राधिकरणाने स्वतःहून द्यायची आहेत. तुझ्या वाचकांनी ही कारणं लेखी मागावीत.

आता रजिस्टरबद्दल. त्यात फक्त पुस्तक घरी नेणारा वर्गणीदार मोजला जातो. सकाळी येऊन उभ्या उभ्या तीन पेपर वाचणारे निवृत्त लोक त्यात नाहीत. मागच्या खोलीत अंकगणिताची पुस्तकं मांडून बसलेली स्पर्धा परीक्षेची मुलं त्यात नाहीत. तुझ्या वॉर्डातलं वाचनालय आज पुस्तकांपेक्षा अभ्यासिका म्हणून जगतंय, हे तुलाही दिसतं. खासगी अभ्यासिकेत खुर्चीचं महिन्याचं भाडं द्यावं लागतं, आणि गावाकडून महिन्याचा ठराविक पैसा येणाऱ्या मुलाच्या हिशेबात ते भाडं आणि मेस यांची मारामारी असते. तेव्हा तू स्वतः मोजणी करून घे. दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत, दर तासाला किती डोकी. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकदा आणि परीक्षा नसताना एकदा. फक्त गर्दीचे दिवस निवडलेस तर तुझ्या आकड्याची किंमतही त्या टिपणीइतकीच. मुली किती, हे वेगळं मोज. मुलींचा आकडा बहुतेक वेळा वाचनाच्या आवडीवर ठरत नाही. स्वच्छतागृहाला कडी आहे का आणि बाहेरचा दिवा लागतो का, यावर ठरतो.

या मुलांबद्दल एक कटू गोष्ट सांगतो. त्यांची नावं तुझ्या प्रभागाच्या मतदार यादीत नाहीत. ती बीड, नांदेड, यवतमाळकडच्या यादीत आहेत. तुझ्या सहकाऱ्यांना या विषयात रस का नाही, याचं निम्मं उत्तर तिथे आहे. उरलेलं निम्मं असं की नगरसेवकाला इमारत बांधायला आवडतं, कारण इमारतीवर कोनशिला लागते. ग्रंथपालाच्या पगारावर कोणाचं नाव कोरत नाहीत. प्रभाग निधीतून खुर्च्या येतील, पंखे येतील, रंग लागेल, पण दरमहा पगार त्यातून निघणार नाही. त्यामुळे कोणी ‘मी माझ्या निधीतून दुरुस्ती करून देतो’ म्हणाला तर आभार मान आणि पुन्हा पदाचाच विषय काढ.

कायद्याचं म्हणशील तर तुझी बाजू वाटते तितकी भक्कम नाही. महानगरपालिका अधिनियमात दवाखाने आणि प्राथमिक शाळा बंधनकारक कर्तव्यांत येतात. ग्रंथालयं कलम 66 मधल्या ऐच्छिक कर्तव्यांत. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा आहे. त्याखाली मान्यता मिळते, अ-ब-क-ड असा दर्जा मिळतो, अनुदान मिळतं. पण अमुक वस्तीत वाचनालय असलंच पाहिजे असं तो पालिकेला सांगत नाही. शाळांना निदान अंतराचा आधार आहे. 2017 साली दहापेक्षा कमी पट म्हणून राज्यातल्या 1,314 शाळा बंद करायचं ठरलं, तेव्हा विरोध करणाऱ्यांना म्हणता आलं की पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे, हे शिक्षणहक्काच्या नियमांत आहे. वाचनालयासाठी असा किलोमीटर कुठेच लिहिलेला नाही. तो तू मोजायचा. हे बंद झालं तर पुढचं सार्वजनिक वाचनालय किती लांब, मध्ये कुठला हायवे, शेवटची बस किती वाजता.

इंग्लंडमधलं एक प्रकरण या संदर्भात वाचण्यासारखं आहे. लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पलीकडे विरल नावाची पालिका आहे. तिने 2009 मध्ये आपल्या 24 पैकी 11 ग्रंथालयं बंद करायचं ठरवलं. तिथे 1964 चा कायदा पालिकेवर ‘सर्वंकष आणि कार्यक्षम’ ग्रंथालय सेवेचं बंधन घालतो, म्हणून सरकारने स्यू चार्टेरिस यांची चौकशी नेमली. पैसे वाचवू नका, असं त्या अहवालाने म्हटलेलं नाही. बंद करण्याआधी स्थानिक गरज काय आहे हे पालिकेने तपासलंच नव्हतं, यावर त्याने बोट ठेवलं. तोवर पालिकेने बेत मागेही घेतला होता. आपल्याकडे तसा कायदा नाही, हे खरं. पण ‘गरज मोजली का?’ हा प्रश्न विचारायला कायदा लागत नाही, सभागृहातली एक जागा लागते, आणि ती तुला मिळाली आहे.

इमारतीचा मुद्दा मात्र हलका घेऊ नकोस. ‘धोकादायक’ हा शब्द आला की सगळे गप्प होतात, कारण उद्या काही कोसळलं तर कोणाच्या नावावर जायचं? तू संरचनात्मक तपासणीचा मूळ अहवाल बघ, त्याचा टिपणीतला सारांश नको. धोक्याचा वर्ग कोणता दिलाय? सी-1 असेल तर इमारत रिकामी करावीच लागेल, तिथे मोर्चा नेऊ नकोस, जागा बदलून माग. सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. मग दुरुस्तीची मुदत आणि तोवरची पर्यायी जागा ठरावात लिहून घे. सी-2बी असेल तर रिकामी न करता दुरुस्ती होते, आणि सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. सी-2बीचा अहवाल हातात धरून बंद करण्याचा प्रस्ताव आला असेल, तर तुला निम्मं भाषण आयतं मिळालं.

जागेचं आरक्षणही तपास. विकास आराखड्यात ती जागा ग्रंथालयासाठी आरक्षित असेल तर तिचा वापर टिपणीवर बदलत नाही. नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली फेरबदल करावा लागतो, जाहीर सूचना निघते आणि हरकती-सूचनांना महिन्याची मुदत असते. मोक्याच्या रस्त्यावरचं वाचनालय अचानक ‘अल्प प्रतिसादा’चं ठरतं तेव्हा मी आधी नगररचना विभागाकडे बघतो. संशय घ्यायला हरकत नाही, बोलून दाखवू नकोस.

आणखी एक: 2022 पासून बहुतेक महापालिकांवर निवडून आलेल्या सभागृहाऐवजी प्रशासक होते. त्या काळात सभागृहाचे ठरावही प्रशासकाच्याच सहीने झाले. तुमच्या वाचनालयाबद्दल त्या काळात काही मंजूर होऊन बसलंय का, ते ठराव पुस्तकात बघ. मी पैज लावत नाही, पण बघ.

सभागृहातल्या कामाबद्दल थोडं बोलतो, तो माझा प्रांत. आधी लेखी प्रश्न टाक, कारण लेखी प्रश्नाला लेखी उत्तर येतं आणि ते पुढे त्यांना नाकारता येत नाही. प्रस्ताव ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत येऊ शकतो. लोक उठून चाललेले असतात, कोणीतरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणतं. शेवटपर्यंत बस. विरोध करायचा झाला तर ‘माझा विरोध नावानिशी नोंदवावा’ असं महापौरांना उद्देशून म्हण. सभागृहात बोललेलं आणि इतिवृत्तात उतरलेलं, यात किती अंतर पडतं ते मी सांगू नये. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना आपलं वाक्य आलंय का हे वाचून घे. नुसत्या विरोधापेक्षा उपसूचना चांगली: बंद न करता सहा महिने पूर्ण वेळ चालवावं, एक जबाबदार कर्मचारी द्यावा, मग वाचकसंख्येचा अहवाल सभेपुढे ठेवावा. याला नाही म्हणणं अवघड जातं. ठराव बाजूने झाला तरी तो महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 451 खाली विखंडनासाठी, म्हणजे रद्द करण्यासाठी, शासनाकडे जाऊ शकतो, तेव्हा पेढे लगेच वाटू नकोस.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चं. यांच्यावरही वाईट दिवस आले असतील, पण तिथे सभासद आहेत, कार्यकारिणी आहे, वार्षिक सभेत हिशेब विचारणारी खवट माणसं आहेत. पालिकेच्या वॉर्डातल्या वाचनालयाला असं कोणीच नसतं. म्हणून तुझ्या वाचकांची एक समिती कर. त्यात एक निवृत्त माणूस, दोन अभ्यासिकेतली मुलं, एक मुलगी आणि तुझ्या पक्षाचा नसलेला एकजण तरी हवाच. अध्यक्ष तू होऊ नकोस. तू झालीस की पुढच्या निवडणुकीत ते ‘तिचं वाचनालय’ होतं, आणि मग ते बंद पाडण्यात कोणाला तरी गोडी वाटू लागते.

‘संस्थेला चालवायला देऊ’ असा मधला मार्ग येईल. सरसकट नाकारू नकोस. करारात वेळ, फी, कर्मचारी आणि पालिकेने परत ताब्यात घेण्याची अट आहे का बघ. संस्थेचे विश्वस्त कोण हेही बघ. बहुतेकदा आडनाव ओळखीचं निघतं. नाममात्र फी लावायला मात्र माझी हरकत नाही. पावती फाडली की वाचक रजिस्टरात येतो.

आता लगेच करायचं काम. अंदाजपत्रक आयुक्तांकडून स्थायी समितीकडे आणि तिथून महासभेत येईल. प्रत मिळाली की भाषणं ऐकत बसण्याआधी वाचनालयांचं लेखाशीर्ष, म्हणजे त्यांच्या खर्चाची ओळ, शोध. तिथे टोकन म्हणून हजार रुपये ठेवलेले असतील तर निर्णय आधीच झालाय असं धर आणि त्याच दिवशी स्थायी समितीतल्या तुमच्या सदस्याला गाठ. चालू वर्षाची तरतूद आणि मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, हे दोन आकडे मला फोनवर सांग. लेखी प्रश्नांचा मसुदा रविवारी घेऊन ये. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न काढून टाक, ‘कधी’ आणि ‘किती’चे ठेव. चष्मा नवा केलाय, शुद्धलेखनही बघून देईन.

तुझा,
एक निवृत्त नगरसचिव